चौसष्टाव्या हिश्शातलं गाव

मॉडेल रेल्वे करणाऱ्यांतल्या एस स्केलवाल्यांना सीनरीचा, म्हणजे गाडीभोवतीच्या घरं-झाडांचा, कॅटलॉग चाळायला फार वेळ लागत नाही. एचओ, एन, ओ ही इतर मापं. एचओची पानंच्या पानं असतात. घरं, पूल, कुंपणं, बाकडी, दिव्याचे खांब, इतकंच काय, कचऱ्याचे डबेसुद्धा. एनचंही साधारण तसंच. ओ महाग असला तरी त्यात निवडायला वाव असतो. एसच्या नावाखाली चार ओळी मिळाल्या तर नशीब समजायचं, आणि त्यातल्याही निम्म्या वस्तूंपुढे 'सध्या उपलब्ध नाही' असं लिहिलेलं असतं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एस म्हणजे १:६४, खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढं. स्टँडर्ड गेजचा १४३५ मिमीचा रूळ (हे दोन रुळांमधलं अंतर) इथे २२.४२ मिमीचा होतो. एचओ १:८७, म्हणजे आमच्याहून बराच लहान; एन त्याहूनही लहान. ओ अमेरिकेत १:४८ आणि ब्रिटनमध्ये १:४३.५, म्हणजे आमच्याहून बराच मोठा. दोन्हीकडून आम्ही नेमके अडचणीच्या अंतरावर. हे स्केल नवं आहे असं नाही आणि मेलेलंही नाही. गिल्बर्ट कंपनी १९४६ पासून अमेरिकन फ्लायरच्या गाड्या एसमध्ये विकत होती. १९६७ मध्ये ते नाव लायोनेल या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. ब्रिटनमधली एस स्केल मॉडेल रेल्वे सोसायटीसुद्धा १९४६ चीच, आणि अमेरिकेतली नॅशनल असोसिएशन ऑफ एस गेजर्स १९६० ची. माणसं आहेत, संस्था आहेत, फक्त फळीवर माल नाही.

मग यात पडायचं कशाला? माझ्यापुरतं उत्तर भागाकारात आहे. केप गेज या अरुंद मार्गाचा रूळ १०६७ मिमी. त्याला ६४ ने भागलं की १६.६७ येतात, आणि एचओचा रूळ असतो १६.५ मिमी. म्हणजे रूळ एचओचे, इंजिनाखालची यंत्रणा एचओची, आणि वरची गाडी ऐसपैस, हातात धरल्यावर वजन जाणवेल अशी. न्यूझीलंडच्या रेल्वेची मॉडेलं करणारे कितीतरी जण याच कारणासाठी १:६४ मध्ये काम करतात. गाड्यांचा प्रश्न असा सुटतो. रुळाच्या बाहेर पाऊल टाकलं की खरी कसरत सुरू होते.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या, क्राउन, ब्रिज. दिवसभर हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, असतो आणि दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरवरून वाद घालायची सवय झालेली आहे. त्यामुळे सुरुवातीपासून मला वस्तूच्या पाकिटावर काय छापलंय यापेक्षा वस्तू मोजली तर किती भरते यातच रस होता. त्यातून एक नियम हाती लागला. जिथे माणसाचा हात किंवा पाय लागतो तिथे माप तंतोतंत हवं. जिथे लागत नाही तिथे कुठल्याही स्केलचं, किंवा कुठल्याच स्केलचं नसलेलं, खुशाल वापरावं.

दरवाजा माणसासाठी केलेला असतो. पायरी, कठडा, खिडकीची चौकट, बाकडं, नळ, हातगाडीचा दांडा, हे सगळं शरीराच्या मापाने घडतं आणि पाहणाऱ्याचं शरीर ते माप ओळखतं. एचओचा दरवाजा साधारण २३ मिमी उंच असतो. आमचा माणूस साडेसव्वीस. त्याला दारासमोर उभा केला की हा आत शिरणार कसा, हे शाळकरी पोरसुद्धा विचारेल. पण त्याच इमारतीचं छप्पर खऱ्या मापाने पाच मीटरवर आहे की सहा, हे सांगायला कुणालाच जमत नाही. मलाही नाही. टेकडी, खडक, झाड, ओढा, ढग यांना तर कसलंच बंधन नाही.

म्हणून माझ्याकडे स्टायरीन प्लॅस्टिकची एक पट्टी आहे, बोटाएवढी. तिच्यावर सुईने खुणा कोरल्या आहेत. पायरी अडीच मिमी, खुर्चीची बैठक सात, टेबल पावणेबारा, कठडा साडेपंधराच्या किंचित वर, माणूस साडेसव्वीस, दरवाजा एकतीस. खेळण्यांच्या दुकानात, हस्तकलेच्या सामानात, कुठेही काही हातात आलं की ही पट्टी लावायची. बसलं तर एस. पाकिटावर काही का लिहिलेलं असेना.

या पट्टीने सगळ्यात जास्त फायदा इमारतींत झाला. एचओच्या मालगोदामाचा किट घ्या. भिंत वळचणीपर्यंत साधारण ५७ मिमी असते, ती आमच्याकडे ३.६ मीटर होते. लहान स्टेशनाच्या गोदामाला पुरे. पण सरकता दरवाजा २९ मिमीच्या आसपास, म्हणजे आमच्या मापाने १.८५ मीटर, पाठीवर पोतं घेतलेला हमाल वाकल्याशिवाय जाणार नाही. धक्क्याची उंचीही तशीच कमी पडते. म्हणून किट जोडण्याआधीच दरवाजाचा भाग करवतीने काढून टाकते, भोक वरच्या बाजूने वाढवते, नवा दरवाजा पट्ट्यांचा करते आणि सगळी इमारत चार मिमीच्या जोत्यावर उचलते. छप्पर, तुळया, पन्हळी, पत्रे, सगळं जसंच्या तसं. टाक्या, सायलो, कारखान्याच्या चिमण्या यांना तर एवढंही करावं लागत नाही. शिडी बदलली की झालं, कारण शिडीवर पाय लागतो.

खिडक्यांच्या बाबतीत उलटी गंमत आहे. १:४८ मधली ९० सेंटिमीटरची साधी खिडकी आमच्याकडे १.२ मीटरची होते, म्हणजे स्टेशनच्या प्रतीक्षालयाला शोभेल अशी. एचओची खिडकी तशीच न्हाणीघराला किंवा जिन्यावरच्या झरोक्याला जाते. खिडक्यांच्या चौकटी सुट्या मिळतात, त्या मी स्केल न बघता घेते आणि डब्यात रुंदीप्रमाणे लावून ठेवते. बाखमनच्या प्लॅस्टिकव्हिल मालिकेतली घरंही ओळखून ठेवावीत. नाव ओचं असलं तरी त्यातल्या बऱ्याच घरांचे दरवाजे ओपेक्षा एसला जवळचे आहेत. प्लॅस्टिक जाड आहे, कोपरे बोथट आहेत, पण रंग नीट दिला तर दुसऱ्या रांगेत उत्तम खपतात.

कागदी किट हा दुर्लक्षित खजिना आहे. एचओचा छापील किट १३६ टक्के मोठा केला की थेट एस होतो. ४ मिमी स्केलचा, म्हणजे १:७६ चा असेल तर ११९ टक्के. ए४ वरून ए३ वर जाताना प्रत १४१ टक्के मोठी होते, म्हणजे एचओचं पान ए३ वर जेमतेम मावतं आणि समासासाठी थोडी कड उरते. यात विटाही बरोबर मोठ्या होतात हे मोठं सुख. फक्त एक गोष्ट मोठी होत नाही, ती म्हणजे पुठ्ठ्याची जाडी. १ मिमीच्या पुठ्ठ्यासाठी आखलेली खाच १.३६ मिमीची होते आणि सगळे सांधे डुगडुगतात. दीड मिमीचा पुठ्ठा घेऊन कडा घासणं हाच इलाज.

थ्रीडी प्रिंटिंगमुळे सगळं सोपं झालं असं लोक म्हणतात. अर्धं खरं आहे. १:४८ ची फाइल ७५ टक्क्यांवर छापली की आकडा अचूक एस येतो, पण अर्ध्या मिमीचा खिडकीचा गज ०.३७५ वर येतो. दिसायला छान, कारण खरा गज त्याच सुमाराचा असतो. मात्र आधाराच्या काड्या काढताना हटकून मोडतो. मी गजांशिवाय फक्त चौकट छापते आणि गज पारदर्शक पत्र्यावर रंगवलेल्या चिकटपट्टीच्या बारीक फिती कापून लावते. एचओची फाइल १३६ टक्के करायची असेल तर रेझिन, म्हणजे छपाईचा द्रव, अडीच पट लागतं हे आधी डोक्यात ठेवावं. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वाढतात ना.

आता विटा आणि दगड. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझा पोटापाण्याचा प्रांत आहे.

६५ मिमीची वीट आणि १० मिमीचा दर्ज, म्हणजे दोन विटांमधला सांधा, धरला तर एक थर ७५ मिमीचा. आमच्याकडे तो १.१७ मिमी. एचओच्या विटांच्या शीटवर थर ०.८६ चा असतो, १:७६ वर साधारण १ मिमीचा, ब्रिटिश ओवर १.७२ चा. दोन मीटरच्या दाराशेजारी खऱ्यात सत्तावीस थर येतात. एचओची शीट लावली तर छत्तीस. दाराशेजारचे थर मोजणारे लोक असतात; मी त्यांतलीच एक. म्हणून १:७६ ची शीट फक्त मागच्या भिंतींना वापरते आणि समोर आलं की स्वतः कोरते.

दगडी भिंतीचंही तसंच. डोंगरातला दगड कितीही मोठा असो, भिंतीतला दगड माणसाने उचलून ठेवलेला असतो. ३० बाय २० बाय २० सेंटिमीटरचा दगड ३० किलोच्या वर भरतो. एखादा दमदार गवंडी तो उचलेल, त्याहून मोठा नाही. म्हणजे एसमध्ये भिंतीच्या दर्शनी बाजूला ४.७ बाय ३.१ मिमी हा माझा वरचा आकडा. तळाशी आणि कोपऱ्यांना मोठे दगड चालतात, तिथे दोघे-तिघे मिळून पहारीने सरकवतात. वर जाताना दगड लहान होत गेले पाहिजेत. बाजारातल्या बऱ्याच साच्यांत सगळीकडे एकसारखे दगड असतात आणि भिंत फरशीसारखी दिसते.

भिंत ओतायला बहुतेक जण प्लास्टर ऑफ पॅरिस वापरतात. मी डेंटल स्टोन वापरते. रसायन दोन्हींचं एकच, जिप्समचं पाऊण हिस्सा पाणी उडवलेलं रूप. फरक कणांत आहे. प्लास्टरचे कण वेडेवाकडे आणि सच्छिद्र, म्हणून १०० ग्रॅमला ४५ ते ५० मिली पाणी पितात. स्टोनचे कण घट्ट, त्यांना २८ ते ३० मिली पुरतं. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं. त्यामुळे प्लास्टरवर सुईने दर्ज ओढला की कड भुरभुरते, स्टोनवर ०.३ मिमीची रेघ स्वच्छ उमटते. शिवाय आमच्या रोजच्या वापरातला स्टोन पिवळसर असतो. भिंतीचा कोपरा कुठे खरचटला तरी आतून पांढरं डोकावत नाही.

पावडर पाण्यात घालायची, पाणी पावडरीत नाही. घातल्यावर अर्धा मिनिट तशीच भिजू द्यायची, मग ढवळायची. नाहीतर बुडबुडे होतात. लॅबमध्ये व्हायब्रेटर असतो. नसेल तर साचा टेबलाच्या कडेवर हलकेच आपटत राहिलं तरी काम होतं. ओतल्यावर काही मिनिटांत वरची चमक जाते. तेव्हापासून पुढचा थोडा वेळ हा कोरायचा खरा वेळ. नख टेकवलं तर ठसा उमटतो पण नख रुतत नाही, अशी ती अवस्था असते. हात लावला तर लादी कोमट लागते. त्या वेळात मी मेणाच्या सुरीने आडवे दर्ज आधी ओढते, उभे नंतर, आणि उभा दर्ज वरच्या उभ्या दर्जाच्या रेषेत येऊ देत नाही, कारण कुठलाच गवंडी तसं बांधत नाही. मग प्रत्येक दगडाची एक कड दाबते, एकाचा पोटाचा भाग किंचित खरवडते, तिसऱ्याला हातच लावत नाही. लादी पुरती कडक झाली की गोल बरने दोन-चार दगडांना टाचे मारायचे. हे बर म्हणजे दात कोरायच्या ड्रिलची टोकं; लॅबमध्ये बोथट म्हणून बाजूला पडलेलं टोक या कामाला नव्यापेक्षा चांगलं चालतं.

अशी एक मूळ लादी झाली की सिलिकॉन पुट्टीत तिचा साचा घ्यायचा आणि हव्या तेवढ्या लाद्या ओतायच्या. एकच लादी पुन्हा पुन्हा लावली तर तोच तिरका दगड दर हातभर अंतरावर भेटतो. त्यावर उपाय सोपा आहे. लाद्या सरळ रेषेत न कापता दर्जांवरून नागमोडी कापायच्या, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी, आणि मधे एखादी उलटी लावायची. सांधा दर्जातच लपतो. माझ्या फलाटामागची संरक्षक भिंत सगळी एकाच साच्यातून निघालेली आहे, आणि हे मी सांगेपर्यंत कुणी ओळखत नाही.

रंगाबद्दल एवढंच की पातळ द्या आणि थरांनी द्या. बाहेर दिसणाऱ्या खऱ्या वस्तूचा रंग मॉडेलवर जसाच्या तसा दिला तर तो गडद वाटतो, कारण मॉडेलकडे आपण लांबून बघितल्यासारखं बघत असतो. थोडा राखाडी मिसळायचा.

झाडांकडे येते. एस स्केलवाल्यांनी रडायचं कारण इथे अजिबात नाही. १५ मीटरचं झाड आमच्याकडे २३४ मिमी होतं. पाकिटावर एचओ लिहिलेली झाडं बहुतेक दहा-बारा सेंटिमीटरची, म्हणजे त्यांच्याही स्केलमध्ये जेमतेम दहा मीटर. खरं सांगायचं तर सगळ्याच स्केलमधले लोक झाडं खुजी लावतात, कारण उंच झाडं जागा खातात आणि इंजिन लहान दिसतं. मला वाटतं इंजिन लहान दिसलंच पाहिजे. खऱ्या मोठ्या झाडाखाली ते लहानच दिसतं. त्यामुळे माझ्याकडे झाडं कमी आहेत पण पूर्ण उंचीची आहेत, आणि पाकिटातली दहा-बारा सेंटिमीटरची सगळी झाडं फळबागेत आणि कुंपणाच्या कडेला गेली.

मोठं झाड तारेचं. जुन्या केबलमधल्या तांब्याच्या बारीक तारांची जुडी घ्यायची, खाली पीळ द्यायचा, वर चढत जाताना एकेक पुंजका बाजूला काढायचा, त्याला पीळ द्यायचा, परत त्यातून लहान पुंजके. फांदी खोडातून निघते तिथे जाड आणि टोकाला एकच तार, हे आपोआप साधतं. विकतच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यात नेमकं हेच नसतं. बुंध्याला डाग (सोल्डर) देऊन तारा बसवायच्या, तळाशी त्या पसरून मुळं करायची, मग पांढरा गोंद आणि स्टोनची भुकटी यांचा लेप. खोडाचा रंग चॉकलेटी करू नका. बाहेर जाऊन खोडं बघा, राखाडी असतात. पानांसाठी फोमचा सगळ्यात बारीक भुगा घ्यायचा. १० सेंटिमीटरचं पान आमच्याकडे दीड मिमी. जाड भुग्याचा ३ मिमीचा कण म्हणजे १९ सेंटिमीटरचं पान, आणि सगळं झाड अशा पानांचं असेल तर ते झाड कमी आणि फ्लॉवर जास्त दिसतं. काही वाळलेले फुलोरे, यारो नावाच्या झाडाचे वगैरे, झुडपांसाठी फुकटात मिळतात आणि तारेपेक्षा नाजूक दिसतात. ते आधी पातळ गोंदात बुडवून वाळवले तर टिकतात.

गवताबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्टॅटिक ग्रासच्या, म्हणजे उभ्या चिकटणाऱ्या कृत्रिम गवताच्या, पाकिटावरचं स्केल पूर्ण निरर्थक आहे, फक्त धाग्याची लांबी बघा. २ मिमी म्हणजे १३ सेंटिमीटर, ४ मिमी म्हणजे २६, ६ मिमी म्हणजे ३८. तिन्ही मिसळून टाका. पायवाट मात्र १ मिमीच्या धाग्याची आणि मधे नुसती माती, कारण तिथे पाय पडतात.

खडीही तशीच पटकन उरकते. खरी खडी ४० ते ५० मिमीची, आमच्याकडे ०.६ ते ०.८. एचओसाठी विकली जाणारी मध्यम खडी बारीक जाळीतून चाळली की मिळते. अल्कोहोलचा फवारा, मग पाण्यात पातळ केलेला गोंद ड्रॉपरने, ही जगन्मान्य पद्धत. खडीआधी स्लीपरचं, म्हणजे रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांचं, काम करून घ्यावं लागतं. एचओच्या रुळाचे स्लीपर फार जवळजवळ असतात, आमच्या मापाने ४५ सेंटिमीटरच्या आतबाहेर. खालचे प्लॅस्टिकचे दुवे कापून एकेक स्लीपर सरकवायचा आणि अंतर दहा मिमीवर आणायचं. कंटाळवाणं काम आहे. पण हे केल्यावर तोच रूळ अचानक नॅरो गेजचा दिसायला लागतो, आणि टोकांची आखूड लांबी खडीत झाकता येते.

पाण्याला मात्र स्केल कळत नाही. पाणी म्हणून ओतलेलं रेझिन काठाला वर चढतं. दोन मिमी जरी चढलं तरी खऱ्यात ते १३ सेंटिमीटर झालं. मी काठ आधी वॉर्निशने सील करते आणि रेझिन सुकल्यावर चढलेली कड सुरीने काढून त्यावर चिखलाचा रंग आणि गवत टाकते. ओढा जितका अरुंद तितका हा त्रास जास्त.

माणसं शोधायला रेल्वेचं दुकान सोडून युद्धाच्या खेळांच्या दुकानात गेलं पाहिजे. टेबलावरच्या लढायांसाठी विकले जाणारे शिपाई पावलापासून डोळ्यांपर्यंत मोजायची प्रथा आहे. १.७ मीटरच्या माणसाचे डोळे १.६ मीटरच्या जवळपास असतात आणि त्याला ६४ ने भागलं की बरोबर २५ येतात. म्हणजे जुन्या पद्धतीचे '२५ मिमी' शिपाई हे नावाने नाही पण मापाने एसच आहेत. आजकाल चालतात ते २८ मिमीचे. ते आमच्यात जवळजवळ सहा फूट तीन इंचांचे होतात, आणि डोकी नि पंजे मुद्दाम मोठे केलेले असतात. ते मी फक्त गाडीत बसवते, खिडकीतून खांदेच दिसतात. १:७२ चे प्लॅस्टिकचे सैनिक आमच्याकडे दीड मीटरचे, म्हणजे शाळेतली मुलं आणि ठेंगण्या बायका यांची सोय झाली. बंदूक कापायची, हातात इपॉक्सी पुट्टीचं पोतं किंवा कंदील द्यायचा, शिरस्त्राण घासून टोपी करायची. पायाखालची जाड चकती काढायला विसरू नये, तिच्यानेच माणूस दोन मिमीने वाढतो.

गाड्यांच्या बाबतीत एसवाल्यांचा हेवा करतात लोक. जगातल्या निम्म्या खेळण्यातल्या मोटारींवर १:६४ लिहिलेलं असतं. मॅचबॉक्स १९५३ पासून आहे, हॉट व्हील्स १९६८ पासून. माझ्या भाच्याकडे त्यांचा ढीग आहे. एकदा लेआउटवर, म्हणजे माझ्या मांडलेल्या रेल्वेवर, दोन गाड्या शेजारी लावून तो म्हणाला, "अगं मावशी, बस आणि कार सारख्याच लांबीच्या कशा? बसमध्ये मग बसतं कोण?"

"खोक्यात बसेल तेवढी गाडी करतात," म्हटलं. "खोकं एकच ना."

"मग चौसष्ट कशाला लिहायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ११ मीटरची बस खऱ्या एसमध्ये १७२ मिमी हवी, आणि ती खोक्यात ७ सेंटिमीटरची मिळते. म्हणून लांबीवर जाऊ नका, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मोजा. मूळ गाडीचा व्हीलबेस २४०० मिमी असेल तर मॉडेलवर ३७.५ हवा. शिवाय टायर. खऱ्यात साठ सेंटिमीटरचा टायर आमच्याकडे ९.४ मिमी, पण खेळण्यात तो जाड आणि मोठा असतो. ग्रीनलाइटच्या गाड्या या कसोटीला बऱ्यापैकी उतरतात. एर्टलचे १:६४ चे ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं तर खरोखरच कामाची. नांगर, ट्रॉली, गवताचे भारे, सगळं एकाच मापात मिळतं, आणि हे सामान रेल्वेवाल्यांच्या नाही, शेतीच्या खेळण्यांच्या विभागात असतं. कुठलीही गाडी घेतली तरी वर मॅट वॉर्निशचा फवारा हवाच. चकाकणारी मोटार सगळ्या सीनरीला खेळणं करून टाकते.

उरलेली एचओची घरं टाकून देऊ नका. एसच्या मागे एचओ ठेवलं की ते घर आहे त्याच्या १.३६ पट दूर असल्यासारखं वाटतं, आणि एनचं घर अडीच पट. एचओवाल्यांना ही युक्ती करायची तर त्यांना बहुतेक वेळा थेट एनवर उडी मारावी लागते. आपल्याला मधली पायरी आयती मिळते. पट्टा फक्त ६० सेंटिमीटर रुंद असला तरी पुढे एस, मागे एचओ आणि भिंतीच्या चित्राला टेकून एन अशी उतरंड लावता येते. दोन गोष्टी पाळायच्या. दोन स्केलच्या मधली जमीन सलग दिसू द्यायची नाही. मधे कुंपण, उंचवटा किंवा भिंत हवी. आणि मागच्या घरांच्या दारात माणूस उभा करायचा नाही. एचओचा माणूससुद्धा नाही, कारण पुढच्या माणसाशी त्याची तुलना होतेच. मी मागच्या घरांची दारं सरळ रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला फिरवली आहेत. पाहणाऱ्याला फक्त पाठीमागच्या भिंती आणि छपरं दिसतात.

सध्या अडकले आहे ती सायकलवर. स्टेशन म्हटलं की भिंतीला टेकवलेली एक सायकल हवीच, आणि सायकलइतका माणसाचा हातपाय दुसऱ्या कशालाच लागत नसेल. मोठ्या माणसाच्या सायकलचं चाक ७० सेंटिमीटरच्या जवळपास, म्हणजे ११ मिमी. एचओची सायकल लावली तर ती लहान मुलाची दिसते. १:७२ ची थोडी बरी, पण हँडल माणसाच्या मांडीशी येतं. १:४८ ची सायकल तर घोड्याएवढी. म्हणून ब्रेसेसच्या कामात लागणारी बारीक स्टीलची लिगेचर तार आणि ती बांधायची पकड घेऊन बसले आहे. ड्रिल बिटवर तार गुंडाळून, कापून, डाग देऊन कड्या झाल्या. फ्रेमची नळी खऱ्यात २८ मिमी असते, तिला ०.४ ची तार जुळते. आरे सोडून दिले. खरा आरा २ मिमीचा, आमच्याकडे तो ०.०३ मिमी, आणि एवढं बारीक चाकात दिसत नाही, नसलेलंही कळत नाही. पॅडल मात्र मापाने दीड मिमीचं निघतं. पाय तिथेच लागतो, त्यामुळे ते सोडता येत नाही.